तळणीच्या भांड्याचे किटण : कारणे, सफाई आणि देखभाल

तळणीचा बेत ठरला की सारे लक्ष पिठाकडे, मोहनाकडे आणि तेलाच्या तापण्याकडे असते. तळण आटोपल्यावर उरलेल्या भांड्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. कढई वरवर धुऊन कपाटात जाते. विजेवर चालणारा फ्रायर असेल, तर तो तेलासकट झाकण लावून ओट्याच्या कोपऱ्यात तसाच ठेवला जातो. असे चार-सहा वेळा झाले की भांड्याच्या काठावर, कड्यांच्या खाचांत आणि बाहेरच्या अंगाला पिवळट-तपकिरी थर दिसू लागतो. बोट लावले तर तो चिकटतो, साबणाने धुतला तरी हटत नाही आणि तारेच्या घासणीने खरवडला तर त्याच्याबरोबर भांड्याचा पृष्ठभागही निघू लागतो. मराठीत या थराला किटण असे नेमके नाव आहे.

किटण दिसायला वाईट, एवढाच हा प्रश्न नाही. पदार्थाची चव, तेलाचे आयुष्य आणि स्वयंपाकघरातील सुरक्षितता या तिन्ही गोष्टी त्याच्याशी जोडलेल्या आहेत. ते काढण्यासाठी लागणारे बहुतेक सामान घरातच असते. गरज असते ती ते कसे तयार होते हे समजून घेण्याची. ते समजले की कोणत्या भांड्याला कोणता उपाय लागू पडेल आणि कोणता अपाय करील, हे आपोआप स्पष्ट होते.

ओशटपणा वेगळा, किटण वेगळे

तळण झाल्यावर भांड्याला जे लागलेले असते ते केवळ तेल असते. हा ओशटपणा होय. कोमट पाणी आणि भांडी घासण्याचा साबण यांनी तो सहज निघतो, कारण साबणाचे रेणू तेलाच्या बारीक थेंबांना वेढतात आणि पाण्याबरोबर वाहून नेतात.

किटण हे मात्र तेल राहिलेलेच नसते. तेलाचा पातळ थर उष्णता आणि हवा यांच्या सान्निध्यात बराच वेळ राहिला की तेलाचे रेणू प्राणवायूशी संयोग पावतात आणि एकमेकांशी जोडले जाऊन मोठ्या साखळ्या बनवतात. याला बहुलकीकरण म्हणतात. प्रथम तेल दाट होते, मग चिकट आणि शेवटी रोगणासारखे कडक. चित्रकार जवसाच्या तेलात रंग कालवतात आणि तो रंग काही दिवसांत कडक होतो, त्यामागेही हीच क्रिया असते. कढईच्या काठावर ती उष्णतेमुळे फार लवकर घडते.

सर्व तेले या बाबतीत सारखी नसतात. सूर्यफूल, सोयाबीन आणि सर्वसाधारण करडई या तेलांत बहु-असंपृक्त मेदाम्ले अधिक असल्याने त्यांचा चिकट थर लवकर बसतो. शेंगदाण्याच्या तेलात हे प्रमाण त्यामानाने कमी असते आणि खोबरेल तेलात तर अत्यल्प. म्हणूनच तेल बदलल्यावर कढई पूर्वीपेक्षा लवकर चिकट होऊ लागल्याचा अनुभव अनेक घरांत येतो.

किटण सर्वांत जास्त कोठे साचते, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. तेलात बुडालेल्या तळाशी ते कमी असते. तेलाच्या पातळीच्या वरच्या कडेला, जेथे शिंतोड्यांचा पातळ थर उष्णता आणि हवा या दोहोंच्या तावडीत सापडतो, तेथे ते जास्त असते. सफाईची सुरुवात या कडेपासून करावी ती यासाठी. आणि ओशटपणाचे किटण होण्याआधीच, म्हणजे त्याच दिवशी, भांडे धुतले तर पुढची निम्मी मेहनत वाचते.

भांड्याची अवस्था आणि तेलाची अवस्था

मळलेल्या भांड्यात घातलेले नवे तेलही लवकर खराब होते. जुन्या थरातील अर्धवट विघटित द्रव्ये ताज्या तेलात मिसळतात आणि प्राणवायूशी होणाऱ्या संयोगाला गती देतात. तळाशी राहिलेला चुरा प्रत्येक तळणीत पुन्हा जळतो, तेल काळवंडते आणि पदार्थाला कडवट वास येतो.

चुऱ्याचे मूळ पदार्थात असते. बटाटेवडे आणि भजी तळताना बेसनाचे थेंब कढईत पडतात. चिरोट्यांवरचे तांदळाचे पीठ आणि अनारशांची खसखस तेलात किंवा तुपात उतरते. करंजी फुटली तर सारणातील साखर जळून तळाशी काळी चिकटते. मिठामुळे आणि पदार्थातील पाण्यामुळेही तेलाच्या विघटनाला चालना मिळते. पाणी आणि उष्णता यांमुळे तेलातील मेदाम्ले सुटी होतात, तेल धुरावण्याचे तापमान खाली येते आणि पूर्वी न धुरावणारे तेल नेहमीच्या आचेवरच धूर सोडू लागते. यावर साधा उपाय असा, की तळताना अधूनमधून बारीक छिद्रांच्या झाऱ्याने चुरा काढत राहावे, पदार्थाला लागलेले जास्तीचे पीठ आधीच झटकावे आणि मीठ कढईवर भुरभुरू नये.

भांड्याचा धातूही यात भाग घेतो. तांबे आणि लोखंड यांचे सूक्ष्म अंश तेल खवट होण्याची क्रिया वेगवान करतात. त्यांत तांब्याचा परिणाम अधिक. त्यामुळे तळणीचे तेल गाळून ठेवताना ते तांब्या-पितळेच्या किंवा लोखंडी भांड्यात न ठेवता स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात ठेवावे.

सफाईपूर्वीची खबरदारी

तळणीतील भाजण्याचे अपघात केवळ तळतानाच होतात असे नाही, आवराआवर करतानाही होतात. तेल १७० ते १९० अंश सेल्सियसपर्यंत तापलेले असते आणि पाण्याच्या तुलनेत ते दिसायला शांत असते. वाफ नाही, बुडबुडे नाहीत. त्यामुळे ते निवले असा चुकीचा समज होतो. मोठ्या कढईतील किंवा फ्रायरमधील तेल हाताळण्याजोगे व्हायला दोन तास किंवा अधिक वेळ लागू शकतो. तोवर ते हलवू नये आणि लहान मुलांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवू नये. विजेच्या फ्रायरचा प्लग काढून वायर गुंडाळून ठेवावी. लोंबती वायर ओढली जाऊन तेल अंगावर सांडण्याचा धोका असतो.

कढत तेलात पाण्याचा थेंबही जाता कामा नये. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे १,७०० पट वाढते. तेलाखाली गेलेल्या थेंबाची क्षणात वाफ होते आणि ती तेलाला बाहेर उडवते. म्हणून धुतलेले भांडे पूर्ण कोरडे करणे हा सफाईचाच शेवटचा टप्पा मानावा.

विजेच्या फ्रायरची सफाई

घरगुती फ्रायर दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात तापणारी नळी तेलात बुडलेली असते आणि नियंत्रकासह ती वर उचलून वेगळी करता येते. दुसऱ्या प्रकारात ती भांड्याच्या तळाखाली दडवलेली असते. पहिल्या प्रकारात भांडे पाण्याखाली धुता येते. दुसऱ्या प्रकारात भांडे सुटे होत नसेल, तर संपूर्ण यंत्र कधीही पाण्यात बुडवू नये किंवा नळाखाली धरू नये. नळीचा नियंत्रक दोन्ही प्रकारांत पाण्यापासून दूर ठेवावा. यंत्राबरोबर मिळणारी पुस्तिका या बाबतीत अंतिम मानावी.

सफाईचा क्रम असा असावा. तेल कोमट झाल्यावर गाळून काढावे. तळाशी राहिलेला गाळ लाकडी किंवा सिलिकॉनच्या उलथन्याने गोळा करावा आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकावा. मग कागदाने किंवा जुन्या सुती फडक्याने भांड्याच्या आतील बाजू पुसून घ्याव्यात. पाणी घालण्यापूर्वी जितके तेल पुसले जाईल तितका साबण कमी लागतो आणि मोरीत तेलही कमी जाते.

यानंतर भांड्यात किमान आणि कमाल या खुणांच्या मध्ये येईल इतके गरम पाणी ओतावे. त्यात भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचे काही थेंब टाकून अर्धा तास तसेच राहू द्यावे. पाणी बाहेरून तापवूनच ओतावे. फ्रायर सुरू करून त्यात पाणी उकळण्याची मुभा पुस्तिकेत स्पष्टपणे दिली असेल तरच तसे करावे. भिजल्यावर मऊ स्पंजाने तेलाच्या रेषेपासून खाली घासत यावे. पाणी टाकून दोन वेळा स्वच्छ पाण्याने विसळावे, म्हणजे साबणाचा अंश राहणार नाही. राहिलेला साबण पुढच्या तळणीत तेलाला फेस आणतो आणि तेलच खराब झाले असा समज होतो.

तापणारी नळी बुडवता येत नसल्याने ती पूर्ण थंड असताना साबणाच्या ओलसर फडक्याने पुसावी, खाचांतील जळका थर जुन्या टूथब्रशने काढावा आणि नंतर केवळ पाण्याच्या ओलसर फडक्याने पुन्हा पुसावी. नळीवरील जळका थर उष्णता अडवतो. तापमान जोखणाऱ्या भागावर थर बसला असेल, तर बदल यंत्राला उशिरा कळतो आणि तेल ठरवलेल्या अंशांच्या पुढे तापू शकते. या दोन जागांची सफाई म्हणूनच सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

जाळीची टोपली गरम साबणपाण्यात बुडवून ठेवून ब्रशने घासावी. झाकणातील गाळणी कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे. धातूची जाळी धुता येते. कोळशाची गाळणी मात्र धुऊ नये; ती ठरावीक काळाने बदलावी लागते. ती चोंदली की तेलाची वाफ झाकणाच्या कडेने बाहेर पडते आणि भिंतीवर व कपाटावर चिकट थर बसतो.

जुना, घट्ट थर काढताना

थर पातळ आणि नुसता चिकट असेल, तर आश्चर्य वाटेल असा एक उपाय आहे : थोडे ताजे तेल. फडक्यावर दोन-चार थेंब घेऊन थरावर चोळावे आणि दहा मिनिटे थांबावे. अर्धवट घट्ट झालेला थर ताज्या तेलात मऊ होतो. त्यावर गव्हाचा कोंडा किंवा जुने बेसन टाकून चोळले की तो पिठाबरोबर निघून येतो. मग साबणाने धुवावे. फ्रायरच्या बाहेरच्या प्लॅस्टिकसाठी हा उपाय विशेष सोयीचा आहे, कारण त्यात ओरखडे पडत नाहीत.

कडक झालेल्या थराला अल्कली लागते. धुण्याचा सोडा तेलावर क्रिया करून त्याचा काही भाग साबणात बदलतो आणि उरलेला थर सैल करतो. स्टीलची कढई असेल तर ती दोन तृतीयांश पाण्याने भरून दर लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालावा आणि मंद आचेवर वीस ते तीस मिनिटे ठेवावे. साबण तयार होत असल्याने पाण्याला फेस येतो आणि ते उतू जाऊ शकते. म्हणून कढई काठोकाठ भरू नये आणि समोरून हलू नये. खिडकी उघडी ठेवावी, हातात रबरी मोजे घालावेत. पाणी निवल्यावर ओतून थर लाकडी उलथन्याने खरवडावा. न निघाल्यास बळ लावण्यापेक्षा ही क्रिया दुसऱ्यांदा करावी.

खाण्याचा सोडा हा धुण्याच्या सोड्यापेक्षा बराच सौम्य असतो. पाण्यात कालवून त्याचा लगदा लावल्यास तो बारीक घासणपूड म्हणून चांगले काम करतो, पण कडक थर विरघळवण्याची त्याची ताकद मर्यादित असते. सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकण्याची पद्धत सर्रास सांगितली जाते. फेस येतो खरा, परंतु अल्कली आणि आम्ल एकमेकांचा प्रभाव नाहीसा करतात आणि हाती जवळजवळ नुसते खारट पाणी उरते. त्यांचा उपयोग एकापाठोपाठ एक असा करावा : आधी सोडा, मग स्वच्छ विसळणे आणि शेवटी स्टीलवर पांढरट डाग राहिले असतील तर पाण्यात मिसळलेले थोडे व्हिनेगर.

धातू पाहून उपाय

ॲल्युमिनियम : कढया आणि फ्रायरची अनेक भांडी या धातूची असतात. अल्कली या धातूवर थेट क्रिया करते. धुण्याच्या सोड्यात उकळल्यास पृष्ठभाग काळा पडतो, खड्डे पडतात आणि हायड्रोजन वायू सुटतो. हार्ड ॲनोडाइज्ड कढईचा संरक्षक थरही अल्कलीने नष्ट होतो. या भांड्यांना द्रवसाबण, गरम पाणी आणि भरपूर भिजवण एवढेच वापरावे. साधी ॲल्युमिनियमची कढई आधीच काळवंडली असेल, तर लिंबाच्या साली घातलेले पाणी तिच्यात थोडा वेळ उकळावे. सौम्य आम्लाने काळेपणा कमी होतो.

लोखंड आणि बीड : येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात ठेवावा. लोखंडी कढई वापरून वापरून काळी आणि गुळगुळीत झालेली असते. तोही तेलाच्या बहुलकीकरणाचाच थर असतो. पण ती क्रिया पूर्ण झालेली असते. त्यामुळे तो कोरडा, कडक आणि पातळ असतो, गंजापासून वाचवतो आणि पदार्थ चिकटू देत नाही. किटण म्हणजे त्याच क्रियेचे अर्धवट रूप : जाड, चिकट, गाठींचे आणि खवट वासाचे. बोट फिरवून जे चिकटते ते काढावे. जे चिकटत नाही ते राहू द्यावे. अशा कढईला चिंच, लिंबू किंवा व्हिनेगर लावू नये आणि ती पाण्यात भिजत ठेवू नये. जाड मीठ आणि किंचित तेल घेऊन फडक्याने घासावे, धुऊन लगेच आचेवर कोरडी करावी आणि तेलाचा अगदी पुसट हात फिरवून ठेवावी. सोडा उकळूनच थर काढावा लागला, तर नंतर तेलाचा पातळ थर देऊन धूर येईपर्यंत तापवण्याची क्रिया दोन-तीन वेळा करून कढई पुन्हा तयार करावी.

नॉन-स्टिक : यावर तारेची घासणी, घासणपूड किंवा धातूचे उलथने चालवू नये. हा लेप सुमारे २६० अंशांच्या पुढे खराब होऊ लागतो आणि त्याहून बरेच अधिक तापल्यास अपायकारक धूर सोडतो. म्हणून किटण जाळून काढण्यासाठी असे भांडे रिकामे तापवणे धोक्याचे आहे. लेप सोलला असेल तर ते भांडे तळणीसाठी बाद समजावे.

पितळ आणि कल्हई : कल्हईतील कथिल २३२ अंशांना वितळते. त्यामुळे कल्हई केलेली पितळी कढई रिकामी तापवू नये आणि तळणीची आच मर्यादित ठेवावी. आतून जोराने घासल्यास कल्हई जाते. मग पुन्हा कल्हई करून घेईपर्यंत ती वापरू नये. बाहेरच्या अंगाला मात्र चिंचेचा कोळ आणि मीठ यांचा जुना उपाय उत्तम.

राख, काथ्या आणि रिठे

चुलीच्या काळात ओशट भांडी लाकडाच्या राखेने आणि नारळाच्या काथ्याने घासली जात. राखेत पोटॅशियम कार्बोनेट हे अल्कली असते; ओली राख तेलावर क्रिया करून थोडा साबण तयार करते आणि तिचे बारीक कण घासण्याचे काम करतात. रिठ्यातील फेस आणणारी द्रव्ये तेल पाण्यात मिसळण्यास मदत करतात. म्हणजे अल्कली, साबण आणि घासणी हे आजच्या सफाईतील तिन्ही घटक तेव्हाही होते. काथ्या आजही नॉन-स्टिक सोडून बहुतेक भांड्यांना चालतो. राख मात्र ॲल्युमिनियमला सोसत नाही, हे विसरू नये.

हे टाळावे

कॉस्टिक सोडा घरात वापरू नये. तो त्वचेला आणि डोळ्यांना गंभीर इजा करतो आणि ॲल्युमिनियम खातो. फरशीचे किंवा शौचालयाचे आम्ल खाण्याच्या भांड्याला लावू नये. ब्लीच आणि आम्ल कधीही एकत्र आणू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. तारेच्या घासणीचे तुटलेले तुकडे जाळीत अडकून पुढे पदार्थात येऊ शकतात, म्हणून टोपली आणि झारा ब्रशनेच घासावा. तेलाने भिजलेली फडकी शेगडीजवळ बोळा करून ठेवू नयेत; ती गरम पाण्यात धुवावीत किंवा पसरून वाळवून टाकून द्यावीत.

तेलाचे काय करावे

स्वच्छ भांड्यात जुने खराब तेल परत ओतले तर सारी मेहनत वाया जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांमध्ये वनस्पती तेल वारंवार तापवण्याविरुद्ध स्पष्ट सूचना आहे. तळणीसाठी एकदा वापरलेले तेल गाळून भाजी-आमटीसाठी वापरता येते, मात्र तळणीसाठी पुन्हा वापरणे टाळावे आणि असे तेल एक-दोन दिवसांतच संपवावे, असा तिचा सल्ला आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की तळणीला तेल बेताने घ्यावे. अरुंद आणि खोल कढईत थोड्या तेलातही पदार्थ बुडतो, आणि उरलेले तेल दोन दिवसांत संपण्याइतकेच राहते.

व्यावसायिक तळणीसाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मर्यादा घालून दिली आहे. तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल वापरता येत नाही. हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. घरी हे प्रमाण मोजण्याचे साधन नसते; तेथे डोळे आणि नाक यांवर भिस्त ठेवावी लागते. तेल नेहमीच्या आचेवर धुरावू लागले, पदार्थ टाकल्यावर बारीक फेस येऊन तो विरेनासा झाला, रंग गडद होऊन तेल दाट व तारदार वाटू लागले किंवा खवट वास आला, तर ते टाकून द्यावे. गाळल्याने चुरा जातो. विघटनाने तयार झालेली द्रव्ये जात नाहीत.

गाळण्यासाठी तेल कोमट असावे. गाळण्यावर मलमलचे दुहेरी फडके घालून ते स्टीलच्या कोरड्या भांड्यात गाळावे आणि झाकून, उजेडापासून व शेगडीपासून दूर ठेवावे. फ्रायरमध्ये तेल साठवून ठेवण्याची सवय मोडावी. त्याने भांडेही मळते आणि तेलही.

टाकाऊ तेल मोरीत किंवा सिंकमध्ये ओतू नये. नळातून जाताना ते पातळ असते, पण पुढे नळीत थंड होऊन कचऱ्यासह घट्ट बसते. लंडनमधील व्हाइटचॅपल भागातील गटारात २०१७ साली सापडलेला अशा चरबीचा आणि कचऱ्याचा गोळा सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा होता. गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीत एका घरातून ओतलेल्या तेलाचा त्रास खालच्या मजल्यांना होतो. थोडे तेल असेल तर ते भुसा किंवा वर्तमानपत्र यांत शोषून सुक्या पिशवीत बांधून टाकावे. जास्त असेल तर बाटलीत साठवून, ते गोळा करणाऱ्या अधिकृत संस्थेची सोय शहरात असल्यास तिच्याकडे द्यावे. वापरलेल्या तेलापासून जैवइंधन बनवण्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये ‘रुको’ हा उपक्रम सुरू केला आहे.

आग लागल्यास

किटणाचा जाड थर हे इंधनच असते. कढईच्या बाहेरच्या अंगाला साचलेल्या थराला शेगडीची ज्वाला लागली की तो पेटू शकतो आणि आग आतील तेलापर्यंत पोहोचू शकते. तेलाने पेट घेतला तर प्रथम गॅस किंवा वीज बंद करावी आणि धातूचे झाकण किंवा मोठे ताट कडेने सरकवत भांडे झाकावे. पाणी मुळीच ओतू नये, भांडे उचलून नेऊ नये आणि ते पूर्ण निवेपर्यंत झाकण काढू नये. आग भांड्याबाहेर पसरली असेल, तर घराबाहेर पडून अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. तळण सुरू करण्यापूर्वी कढईच्या मापाचे झाकण हाताशी ठेवणे हीच यातील खरी पूर्वतयारी होय.

देखभालीचे वेळापत्रक

प्रत्येक तळणीनंतर : तेल गाळणे, गाळ काढणे, भांडे कागदाने पुसून त्याच दिवशी धुणे, बाहेरचे अंग आणि झाकणाची कड ओलसर फडक्याने पुसणे, सर्व भाग कोरडे करणे.

दर तीन-चार तळणींनंतर : गरम साबणपाण्याची अर्ध्या तासाची भिजवण, टोपली व झारा ब्रशने घासणे, तापणारी नळी आणि कड्यांच्या खाचा साफ करणे.

दर दोन-तीन महिन्यांनी आणि दिवाळीच्या फराळापूर्वी व नंतर : स्टीलच्या कढईला सोड्याची उकळी, लोखंडी कढईला तेलाचा हात, झाकणातील गाळणीची तपासणी, फ्रायरच्या वायरीची आणि प्लगची पाहणी. वायर मऊ पडली, चिरली किंवा प्लग काळवंडला असेल, तर दुरुस्तीशिवाय यंत्र वापरू नये.

तळणीच्या भांड्याची सफाई हे अवघड काम नाही, ते लांबवले की अवघड होते. आजचा ओशटपणा कोमट पाणी आणि साबण यांनी पाच मिनिटांत जातो. महिन्यानंतर त्याचेच झालेले किटण काढायला सोडा, आच आणि संध्याकाळ खर्ची पडते.